सोरायसिस : चट्टे कातडीवर, घोटाळा निरोपात



वर्षावासातली गोष्ट आहे. एका वस्तीच्या विहारात संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू होते. त्या आठवड्यात उपाली न्हावी, झाडूवाला सुनीत, सोपाक यांच्या धम्मदीक्षेचा भाग वाचून झाला. कुष्ठरोगी सुप्रबुद्धाची गोष्टही झाली. गर्दी दिसली म्हणून इथे जेवण वाटत असतील या आशेने तो आला होता. तथागतांनी त्याला हाकलले नाही. सगळ्या सभेत त्यालाच धम्म समजेल हे ओळखून त्यांनी त्याच्यासाठी उपदेश केला. ऐकताना बायांच्या डोळ्यांत पाणी आले.

पुढच्या पौर्णिमेला खीरदानाची पाळी एका ताईंची होती. पातेलेभर खीर करून त्या स्वतः वाढायला उभ्या राहिल्या. त्यांच्या कोपरांवर आणि हातांच्या पाठीवर पांढऱ्या खपल्यांचे चट्टे होते. चार-पाच जणी मागे सरकल्या. कोणी म्हणाले, पोट भरलंय. कोणी पेला घेतला आणि पायरीवर ठेवून निघून गेले. अर्धे पातेले तसेच राहिले. ताई काही बोलल्या नाहीत. पुढच्या रविवारी त्या विहारात आल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही.

आम्ही तिथेच होतो. त्या क्षणी उभे राहून दोन शब्द बोलायला हवे होते, ते आमच्याकडून झाले नाही. पुढे काय झाले ते लेखाच्या शेवटी सांगू. पण त्या दिवशी जे बोलायचे राहिले ते आधी नीट सांगतो.

हा रोग कोणता?

ताईंना आहे तो सोरायसिस. तो जंतूंमुळे होत नाही. त्यामुळे हात लावल्याने, एका ताटात जेवल्याने, एकच टॉवेल, कंगवा, अंथरूण वापरल्याने किंवा नवरा-बायकोच्या संबंधातून तो पसरत नाही. गळून पडलेल्या खपल्या अंगावर उडाल्या तरी काही होत नाही. जगात किमान १० कोटी लोकांना हा आजार असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या अहवालात म्हटले आहे. त्याआधी २०१४ मध्ये जागतिक आरोग्य सभेने सोरायसिस हा दीर्घकाळ चालणारा, वेदना देणारा, असंसर्गजन्य आजार असल्याचा ठराव केला. गैरसमज आणि भेदभाव यांमुळे रुग्णांना वेगळा त्रास होतो, हेही त्या ठरावात मान्य केले आहे.

चट्टे बहुधा कोपर, गुडघे, कंबरेचा खालचा भाग आणि डोक्याची कातडी इथे येतात. कडा स्पष्ट असतात, वर चांदीसारख्या पांढऱ्या खपल्यांचा थर असतो. नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे पडतात. पुस्तकांत चट्टा लालभडक किंवा गुलाबी असतो असे लिहिलेले असते, पण ते गोऱ्या कातडीचे वर्णन. आपल्या सावळ्या-काळ्या कातडीवर तोच चट्टा जांभळट, तपकिरी किंवा राखाडी दिसतो, आणि बरा झाल्यावर काही महिने काळा डाग मागे राहतो. म्हणून आपल्याकडे तो कधी नायटा समजला जातो, कधी इसब, तर कधी महारोग.

कुष्ठरोग आणि सोरायसिस यांची गल्लत फार जुनी आहे. युरोपातही शेकडो वर्षे दोन्ही एकच समजले जात. १८४१ मध्ये व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्रा यांनी हे दोन वेगळे रोग असल्याचे ठामपणे मांडले. मोठी खूण अशी की कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बहुधा स्पर्श कळत नाही, बधिरपणा असतो. सोरायसिसच्या चट्ट्याला स्पर्श कळतो, खाजही येते. पण घरच्या घरी निकाल लावू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि ‘हा महारोग नाही’ असे सांगताना कुष्ठरोग्याला दूर लोटावे असा अर्थ कोणी काढू नये. कुष्ठरोगाचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, ते सुरू झाले की संसर्ग लवकरच थांबतो आणि रोग बरा होतो.

आग नसताना ‘आग, आग’

आता मुख्य गोष्ट. जंतू नाही, मग एवढा दाह कशाचा?

वस्तीचे उदाहरण घ्या. रात्री कुणीतरी ‘आग लागली’ म्हणून ओरडते. जो तो बादली घेऊन धावतो. खरेच आग असेल तर झोपड्या वाचतात. पण आग नसताना ओरड झाली तर? अंधारात लोक एकमेकांवर आदळतात, भांडी फुटतात, घरात पाणी शिरते. तो गोंधळ ऐकून लांबचे लोक समजतात, आग मोठी आहे. तेही धावत येतात. आता ओरडणारे आणखी वाढतात. सोरायसिसमध्ये कातडीत नेमके हेच चालते.

आपल्या शरीरात रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात. त्या एकमेकींशी बोलतात ते बारीक रासायनिक निरोपांतून. एक पेशी निरोप सोडते, दुसरी तो झेलते आणि कामाला लागते. या निरोपांना सायटोकाइन म्हणतात. सोरायसिसमधला घोटाळा पायरीपायरीने असा घडतो.

पहिली पायरी पहारेकऱ्याची. कातडीत डेंड्रायटिक नावाच्या पहारेकरी पेशी असतात. कातडीला जखम झाली, घशात जंतू आले किंवा दुसरे काही निमित्त झाले की त्या जाग्या होतात. ज्यांच्या शरीराची ठेवणच सोरायसिसकडे झुकलेली असते त्यांच्यात त्या गरजेपेक्षा जास्त भडकतात. मग त्या टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-२३ असे निरोप सोडतात. ही पहिली ‘आग, आग’.

दुसरी पायरी फौजेची. इंटरल्यूकिन-२३ चा निरोप टी-पेशींपर्यंत जातो. त्यांच्यातल्या एका गटाला टीएच-१७ म्हणतात. तो गट वाढतो आणि इंटरल्यूकिन-१७ व इंटरल्यूकिन-२२ हे पुढचे निरोप सोडतो. एरवी याच निरोपांमुळे बुरशीसारख्या शत्रूंपासून कातडीचे रक्षण होते. इथे शत्रूच नसतो.

तिसरी पायरी कातडीची. हे निरोप मिळताच कातडीच्या पेशी घाईने वाढू लागतात. निरोगी कातडीत तळाची पेशी पिकून वर येऊन गळायला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये हेच काम तीन ते पाच दिवसांत उरकते. पेशी नीट पिकत नाहीत, नीट सुटतही नाहीत, एकीवर एक रचत जातात. तीच पांढरी खपली. खालच्या रक्तवाहिन्या फुगतात, म्हणून खपली ओरबाडली की रक्ताचे बारीक थेंब दिसतात.

चौथी पायरी चक्राची. गोंधळलेल्या कातडीच्या पेशी आता स्वतःच निरोप सोडून आणखी पांढऱ्या पेशींना बोलावतात. त्या आल्या की पहारेकरी पुन्हा ओरडतात. चक्र आपोआप फिरत राहते. चट्टा गेला तरी काही टी-पेशी त्याच जागी आठवण धरून बसून राहतात. पुढे निमित्त मिळाले की पुन्हा त्याच कोपरावर, त्याच गुडघ्यावर चट्टा उठतो. ‘औषध घेतलं तरी परत आलं’ याचे कारण हे आहे.

हे कसे कळले?

फार वर्षे डॉक्टरही सोरायसिसला फक्त कातडीचा रोग मानत होते. कातडीच्या पेशी उगाच वाढतात, एवढेच. मग एक अनपेक्षित गोष्ट दिसली. सायक्लोस्पोरिन हे औषध, मूत्रपिंड बसवल्यावर शरीराने ते नाकारू नये म्हणून टी-पेशींना शांत करायला वापरतात. सांधेदुखीच्या काही रुग्णांना ते देऊन पाहिले, तेव्हा ज्यांना सोरायसिस होता त्यांची कातडी साफ होऊ लागली. १९७९ मध्ये हे प्रसिद्ध झाले. टी-पेशींना गप्प करणाऱ्या औषधाने कातडी सुधारते, म्हणजे मूळ घोटाळा त्या पेशींच्या निरोपांत आहे, हा धागा तिथून हाती लागला. पुढे एकेक निरोप ओळखला गेला आणि तो अडवणारी औषधे तयार झाली.

मग मलाच का?

‘मागल्या जन्मी काही केलं असेल’ हे वाक्य आम्ही आपल्याच वस्त्यांत ऐकले आहे. बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत नाकारला, कारण माणसाला त्याच्या दुःखाबद्दल दोषी ठरवून गप्प बसवण्याचे ते साधन होते. आपण कारण शोधणारे लोक आहोत. कारणे दोन प्रकारची आहेत.

एक, जन्मतः आलेली ठेवण. काही जनुकांमुळे पहारेकरी पेशी लवकर भडकतात. पण जनुक आहे म्हणजे रोग होणारच असे नाही. एकसारख्या जुळ्या भावंडांतही एकाला सोरायसिस आणि दुसऱ्याला नाही असे दिसते. म्हणून ‘घराण्यात रोग आहे’ म्हणून सोयरीक मोडणे हा अन्याय आहे.

दोन, ठिणगी टाकणारी निमित्ते. लहान मुलांत आणि तरुणांत घसा दुखून ताप आल्यावर दोन-तीन आठवड्यांनी अंगभर थेंबासारखे चट्टे उठतात. खरचटले, भाजले, पट्टा घासला त्या जागीही चट्टा येतो. रक्तदाबाची काही औषधे, मलेरियाच्या काही गोळ्या आणि मनाच्या आजारासाठी दिले जाणारे लिथियम यांनी तो वाढू शकतो. मात्र कोणतीही चालू गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना ‘मला सोरायसिस आहे’ एवढे सांगा. तंबाखू, विडी-सिगारेट, दारू, वाढलेले वजन आणि मनावरचा ताण यांनी दाह पेटता राहतो. मद्य टाळण्याचे पाचवे शील इथे औषधाइतकेच कामाला येते.

ताणाबद्दल थोडे अधिक. भांडी घासणाऱ्या बाईचे हात पाहून मालकीण काम सोडायला सांगते. शाळेत मुलाशेजारी कोणी बसत नाही. या अपमानाने ताण वाढतो, ताणाने चट्टे वाढतात, चट्ट्यांनी अपमान वाढतो. शरीरातले चक्र आणि समाजातले चक्र एकमेकांना फिरवतात. त्यातले दुसरे चक्र थांबवायला डॉक्टर लागत नाही.

दाह कातडीवर थांबत नाही

हे निरोप रक्तातून सगळीकडे फिरतात. म्हणून सोरायसिसच्या शंभर रुग्णांपैकी तीस जणांपर्यंत सांधे धरतात. सकाळी उठल्यावर अर्धा तास बोटे, टाच, कंबर आखडते, एखादे बोट पूर्णच्या पूर्ण सुजते. नखे खराब असतील तर अधिक जपावे. ‘वातच आहे’ म्हणून दिवस काढू नका, कारण सांधा एकदा वाकडा झाला की सरळ होत नाही. बरेच दिवस दाह राहिला तर हृदयविकार आणि मधुमेहाचा धोकाही वाढतो. म्हणून सोरायसिसच्या रुग्णाने वर्षातून निदान एकदा रक्तदाब, साखर आणि वजन तपासून घ्यावे. उदासपणा, झोप न लागणे, जगावेसे न वाटणे हेही या आजाराबरोबर येते. ते डॉक्टरांना सांगायला लाजू नका.

उपचार : कोणता निरोप कुठे अडवतात?

सोरायसिस मुळापासून कायमचा जात नाही, पण पूर्ण आटोक्यात राहू शकतो. ‘गॅरंटीने बरा करतो’ म्हणणाऱ्यापासून दूर राहा.

थोडे चट्टे असतील तर मलमे पुरतात. स्टेरॉइडचे मलम त्या जागेवरची ओरड कमी करते. त्याच्याबरोबर ड जीवनसत्त्वापासून बनवलेले मलम, डांबराचे म्हणजे कोलटारचे शाम्पू, खपल्या मऊ करणारे सॅलिसिलिक ॲसिड देतात. पण दुकानातून कुणी सांगितले म्हणून स्टेरॉइडची ट्यूब आणून महिनोन्महिने चोळू नका. कातडी पातळ होते आणि थांबवल्यावर चट्टे दुप्पट जोराने येतात. स्टेरॉइडच्या गोळ्या आणि इंजेक्शने तर अधिक धोक्याची. ती अचानक बंद केली की अंगभर पूभरले फोड उठू शकतात. बिननावाच्या पुड्यांत हेच स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. दोन दिवसांत जादू दिसली तर शंका घ्या.

चट्टे जास्त असतील तर ठरावीक अतिनील किरणांचा प्रकाश देतात. तो कातडीतल्या भडकलेल्या टी-पेशी कमी करतो. मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग विभागात त्याची चौकशी करा. आठवड्यातून दोन-तीन वेळा जावे लागते, मजुरी बुडते हे खरे. तरी पहिल्या भेटीतच वेळेचे बोलून घ्या.

गोळ्यांत मेथोट्रेक्सेट स्वस्त आणि जुनी आहे. ती दाहाची फौज आवरते. परिचारिका म्हणून काम केलेल्या आमचे एक कळकळीचे सांगणे आहे : ही गोळी आठवड्यातून एकाच ठरलेल्या दिवशी घ्यायची असते, रोज नाही. चुकून रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत. घरात वाचता न येणारे कोणी असेल तर तो वार कॅलेंडरवर रंगवून ठेवा. फॉलिक ॲसिडची गोळी सांगितल्याप्रमाणे घ्या. ठरलेल्या वेळी रक्ततपासणी करा, दारू पूर्ण बंद ठेवा. गरोदर बाईला ही गोळी चालत नाही. मूल हवे असेल तर नवरा-बायको दोघांनी आधी डॉक्टरांना सांगावे.

अलीकडची इंजेक्शने एकेक निरोप वाटेतच पकडतात. कोणी टीएनएफला पकडते, कोणी इंटरल्यूकिन-१७ ला, कोणी इंटरल्यूकिन-२३ ला. टी-पेशींना आवरणारे इटोलिझुमॅब २०१३ मध्ये भारतात मंजूर झाले, ते बंगळूरच्या कंपनीने आणले. ही औषधे चांगली आहेत, पण महाग आहेत. आणि एक गोष्ट वस्तीतल्या माणसाने विसरू नये. टीएनएफ हा निरोप शरीराला दुसऱ्या कामासाठी लागतो. टीबीचे जंतू फुप्फुसात निजलेले असतात, त्यांच्याभोवतीची तटबंदी टीएनएफमुळे टिकते. तो निरोप अडवला की टीबी उठू शकतो. म्हणून इंजेक्शनाआधी टीबीची तपासणी झालीच पाहिजे. घरात कुणाला टीबी झाला असेल तर न लपवता सांगा.

खर्चाचा प्रश्न असेल तर रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकांना भेटा. जनऔषधी केंद्रात गोळ्या-मलमे स्वस्त मिळतात का ते पाहा.

घरी काय करावे?

- आंघोळ कोमट पाण्याने करा. घासणी, दगड वापरू नका. अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावा. दिवसातून दोनदा लावले तर खाज आणि भेगा दोन्ही कमी होतात.
- खपल्या नखांनी काढू नका. ओरबाडलेल्या जागी नवा चट्टा येतो.
- भांडी, धुणे, सिमेंट, सफाई यांची कामे असतील तर हातमोजे वापरा. ते देणे ही मालकाची आणि ठेकेदाराची जबाबदारी आहे, मागून घ्या.
- घसा दुखून ताप आला तर दुर्लक्ष करू नका.
- कामावर किंवा शाळेत अडवले तर डॉक्टरांकडून ‘हा आजार संसर्गजन्य नाही’ असे लेखी घ्या.
- सगळे अंग लाल होऊन सालटे निघू लागली, थंडी वाजू लागली किंवा तापाबरोबर पूभरले फोड आले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. यात जिवाला धोका असतो.

विहाराने काय करावे?

आपल्या आजोबा-पणजोबांनी लांबून ओतलेले पाणी ओंजळीने प्यायले. महाडला चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी हाताने उचलले ते १९२७ मध्ये. स्पर्शाची किंमत आपल्याइतकी कोणाला ठाऊक असणार? आणि आपल्याच विहारात एका ताईचा खिरीचा पेला पायरीवर राहतो. अज्ञानामुळे झाले हे मान्य. पण आता माहिती झाली, पुढे सबब चालणार नाही.

ताईंच्या घरी आम्ही नंतर गेलो. आधी माफी मागितली. मग त्यांना त्वचारोग विभागात घेऊन गेलो. मलम, तेल आणि आठवड्याची गोळी सुरू आहे. चट्टे पुष्कळ कमी झाले आहेत, गेले नाहीत. विहारातल्या महिला मंडळाच्या बैठकीत वर लिहिले ते सगळे आम्ही फळ्यावर काढून सांगितले. एका आजींनी विचारले, “मग आम्ही उगाच ‘आग, आग’ केली म्हणायची?” आम्ही म्हणालो, होय आजी, तशीच.

पुढच्या पौर्णिमेला ताई आल्या. पातेले त्यांच्याच हातात होते. पहिला पेला आजींनी मागून घेतला आणि तिथेच, सगळ्यांसमोर प्यायल्या. मागे सरकलेल्यांपैकी दोघी मात्र त्या दिवशीही आल्या नाहीत. त्यांच्या घरी आम्ही जाणार आहोत.

२९ ऑक्टोबर हा जागतिक सोरायसिस दिन असतो. वर्षावास संपण्याच्या सुमारासच तो येतो. त्या आठवड्यात आपल्या विहारात हा लेख मोठ्याने वाचावा, एवढी विनंती. तुमच्या वस्तीतही अशी एखादी ताई, एखादा दादा लांब बाह्यांचा सदरा घालून मागच्या रांगेत बसत असेल. त्याच्या शेजारी जाऊन बसा.

जयभीम! नमो बुद्धाय!